नकाशांचे बिऱ्हाड

दप्तर हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचे पेशवे दप्तर उभे राहते. रुमालांत बांधलेले मोडी कागद आणि त्यांत मान घालून बसलेला एखादा संशोधक. राज्यकारभाराचे, वतनांचे, लढायांचे कागद जपले पाहिजेत, हे आपल्याला आता पटलेले आहे. परंतु ज्या कागदांवरून घरे, नाट्यगृहे आणि गिरण्या उभ्या राहिल्या, त्या नकाशांचे काय? इमारत उभी राहिली की नकाशाचे काम संपले, अशीच आपली समजूत असते. या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी आज आम्ही एका परदेशी दप्तराची हकीकत निवडली आहे. ते दप्तर म्हणजे अमेरिकन वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट यांचे.

राइट 1867 साली जन्मले आणि 1959 साली वारले. एवढ्या दीर्घ आयुष्यात त्यांनी सुमारे 1,100 रचना केल्या. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या निम्म्याच्या आसपास. उभ्या राहिलेल्या सगळ्या टिकल्या असेही नाही. बफेलो शहरातील लार्किन कंपनीची त्यांची गाजलेली इमारत 1950 साली पाडण्यात आली. 1923 साली खुले झालेले टोकियोचे इंपीरियल हॉटेल 1968 साली गेले. न बांधलेल्या रचनांत तर एक आपल्या शेजारची आहे. 1945-46 च्या सुमारास अहमदाबादच्या साराभाई कुटुंबासाठी राइट यांनी कॅलिको गिरणीच्या दुकानाचा आराखडा तयार केला होता. ते दुकान कधी झालेच नाही. आज ते पाहायचे तर नकाशातच पाहावे लागते. तेव्हा नकाशा म्हणजे काम झाल्यावर सोडून टाकायची परांची नव्हे. पुष्कळदा शेवटी तोच काय तो उरतो.

राइट यांचे दोन मठ होते, असे म्हणायला हरकत नाही. विस्कॉन्सिनमधील टॅलिएसिन आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातील टॅलिएसिन वेस्ट. विस्कॉन्सिनच्या वास्तूला 1914 साली आणि पुन्हा 1925 साली आग लागली, हे लक्षात घेतले म्हणजे एवढे तरी कागद हाती लागले याचेच नवल वाटते. राइट यांच्या पश्चात त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने हा संग्रह सांभाळला. परंतु श्रद्धेने सांभाळणे वेगळे आणि कागदाला मानवेल अशी हवा बाराही महिने राखणे वेगळे. अखेर सप्टेंबर 2012 मध्ये जाहीर झाले की, हे दप्तर न्यूयॉर्कला जाणार. नकाशे, पत्रे आणि छायाचित्रे कोलंबिया विद्यापीठाच्या एव्हरी ग्रंथालयात, तर लाकडाचे आणि पुठ्ठ्याचे नमुने आधुनिक कलासंग्रहालयात.

आपल्याकडे बिऱ्हाड हलवताना माळ्यावरून काय काय निघते, याचा अनुभव सर्वांना आहे. इथेही तेच झाले. हस्तांतराच्या वेळी नकाशांचा आकडा सुमारे 23,000 आणि छायाचित्रांचा 44,000 सांगितला होता. पाच वर्षांनी, 2017 साली, राइट यांच्या दीडशेव्या जयंतीचे प्रदर्शन भरले तेव्हा नकाशे 55,000 आणि छायाचित्रे 1,25,000 असे आकडे दिले गेले. पत्रव्यवहाराचे कागद 3 लाख, ते निराळेच. कागद काही प्रवासात व्यालेले नाहीत, मोजणी वाढली. आणि जे मोजलेले नाही ते हरवले तरी कळत नाही.

आता हे कागद एका जातीचे असते तर काम सोपे होते. वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीतील कागद म्हणजे अठरापगड वस्ती. पारदर्शक ट्रेसिंग कागद वयोमानाने पापडासारखा कडकडीत होतो. वर्षानुवर्षे गुंडाळून ठेवलेली सुरळी ओढून उघडली तर तुकडेच हाती येतात. म्हणून तिला आधी दमट हवेत हळूहळू मऊ करतात, मग वजनाखाली सपाट करतात. पूर्वी खळ दिलेल्या तलम कापडावरही नकाशे काढीत. ते पाण्यात धुतले की खळ जाते आणि झकास हातरुमाल होतो. कित्येक कचेऱ्यांत जुन्या नकाशांची ही गत झालेली आहे. दप्तराचे रुमाल आम्ही ऐकले होते, रुमालांचे दप्तर हे नवीनच!

त्याहून चमत्कारिक गोष्ट निळ्या नकलांची, म्हणजे ब्ल्यूप्रिंटची. जुना कागद आम्लामुळे कुजतो, म्हणून आम्ल मारणारा क्षारयुक्त कागद त्याच्या सोबतीला घालतात. पण ब्ल्यूप्रिंटचा निळा रंग लोहाच्या संयुगाचा असतो आणि क्षाराने तोच उडतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. म्हणजे नकाशा हातात घेताच हा कोणत्या जातीचा, हे ओळखणारा माणूस हवा. नमुन्यांची अडचण आणखी निराळी. राइट यांच्या शिष्यांनी 1934-35 साली केलेला ‘ब्रॉडएकर सिटी’ या कल्पित नगराचा नमुना बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. तो कोणत्या कपाटात ठेवणार?

माणसाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. ब्रूस ब्रुक्स फायफर हे 1949 साली राइट यांचे शिष्य म्हणून आले आणि पुढे अनेक दशके त्यांनीच हे दप्तर राखले. तिथल्या प्रत्येक रचनेला चार आकड्यांचा क्रमांक आहे. पहिले दोन आकडे सालाचे. धबधब्यावरील त्या प्रसिद्ध घराचा, ‘फॉलिंगवॉटर’चा, क्रमांक 3602, म्हणजे साल 1936. क्रमांक पेटीबरोबर न्यूयॉर्कला जातो. परंतु हा कागद त्या कागदाशेजारी का ठेवला, समासातील अक्षर कोणत्या शिष्याचे, हे ज्याच्या डोक्यात असते त्याला पेटीत कसे घालणार? फायफर 2017 साली वारले. ज्या वाळवंटात शिष्यांनी राइट यांच्या हाताखाली दगड रचले, तिथून त्यांच्या हातचे नकाशे दोन हजार मैल दूर गेले, ही गोष्ट काहींच्या मनाला लागली असेल तर तिला भावुकपणा म्हणून झटकू नये. तरीही आमचे मत विचाराल तर नेले हेच योग्य झाले. अभ्यासकाला परवानगीने का होईना पाहता येतील असे दूरचे कागद, कोणाला न दिसणाऱ्या जवळच्या कागदांपेक्षा बरे.

हे मत मांडणे अमेरिकेपुरते सोपे आहे. चार्ल्स कोरिआ हे मुंबईत राहून काम करणारे, मूळचे गोव्याकडचे. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, मुंबईचे कांचनजंगा, पणजीची कला अकादमी या त्यांच्या वास्तू. त्यांनी आपले 6,000 हून अधिक नकाशे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेला दिले आणि 2013 साली तिथे मोठे प्रदर्शन झाले. कांचनजंगा पेडर रोडवर आणि त्याचे मूळ कागद टेम्स नदीकाठच्या शहरात! हे ऐकून प्रथम आम्हालाही वाईट वाटले. मग आमचे आम्हीच विचारले, की त्यांनी ते येथे कोणाच्या हाती द्यायचे होते?

हा प्रश्न आम्हाला उगीच सुचला नाही. काही वर्षांमागे एका गावी जुन्या शाळेच्या दुरुस्तीसाठी आम्ही मूळ नकाशा शोधायला गेलो होतो. ज्या कचेरीत तो असायला हवा होता तेथे तो होताही. शिपायाने कपाटाच्या माथ्यावरून सुतळीने बांधलेली सुरळी काढून दिली. दक्षिणेची बाजू स्वच्छ होती, सुंदर अक्षरात मापे घातलेली. उत्तरेची बाजू वाळवीने खाल्ली होती. पावसाचे पाणी नेणारा नळ त्या बाजूच्या भिंतीतून कोठून घातला होता, ते शेवटी गवंड्याने भिंत ठोकून ठोकून शोधले.