गणवेश नसलेला शिपाई

लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीच्या यादीत 66 आणि 68 हे दोन क्रमांक मुंबईचे. 66 म्हणजे पहिले बॉम्बे लान्सर्स, 68 म्हणजे दुसरी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. 19व्या शतकाच्या अखेरीस निघालेले हे शिशाचे शिपाई उभे केले तर जेमतेम 54 मिलिमीटर भरतात. मुंबई इलाख्याची फौज अशी विलायतेतल्या पोरांच्या खेळात भरती झाली. वरळीच्या चाळीतल्या पोरांच्या वाट्याला आला तो मातीचा मावळा.

ब्रिटनची खरी करामत 1893ची. तोवर बाजारात जर्मन माल होता. त्यातले भरीव शिपाई वजनदार आणि महाग. ब्रिटनने शिसे, थोडे कथील आणि अँटिमनी यांचा रस साच्यात ओतला, साच्याला लागून पातळ कवच थिजताच आतला उरलेला रस परत बाहेर काढला. शिपाई पोकळ झाला, धातू वाचला, किंमत उतरली. पायदळाच्या पेटीत सहसा आठ जण, घोडदळाच्या पेटीत पाच.

काटकसर इथेच थांबत नाही. तेच धड वेगवेगळ्या पलटणींना चालवून घेत. डोके बदलायचे, हात वेगळा जोडायचा, उरलेले काम कुंचल्याचे. कोटाचा रंग, कॉलर-कफाची पट्टी, पागोट्याची छटा एवढ्यावर पलटण ठरायची. पुढे 66च्या पेटीवर ड्यूक ऑफ कनॉटच्या लान्सर्सचे नाव आले. रंगवण्याचे काम बहुतेक बायका करत. त्यांची नावे कोणत्याही पेटीवर नाहीत आणि आज लिलावात भाव मिळतो तो त्यांच्याच हाताला, कारण जुना रंग शाबूत नसेल तर शिपायाची किंमत धाडकन पडते. 1966च्या सुमारास शिशाच्या विषारीपणामुळे हा पोकळ शिपाई निवृत्त झाला. आजचे संग्राहक कथलाच्या मिश्रधातूचे शिपाई घेतात. आधी कानशीने शिवण घासायची, मग अस्तर, त्यावर पातळ रंगाचे एकावर एक हात. डोळे सर्वांत अवघड. परळ-लालबागच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांच्या आखणीला सगळ्यांत सराईत हात बसवतात. इथे तेच काम टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत उरकायचे.

आता मावळा. वरळीच्या बीडीडी चाळींच्या 121 इमारती 1920च्या दशकातल्या. अशा चाळींच्या आवारात दिवाळीला विटा, गोणपाट आणि मातीचा किल्ला उभा राहतो, वर मोहरी किंवा अळीव पेरतात. मावळ्यांना 54 मिलिमीटरची शिस्त ठाऊक नाही. सिंहासनावरचे महाराज महादरवाज्यापेक्षा उंच, गवळण तोफेपेक्षा मोठी, आणि गुहेतला वाघ दोघांनाही खाऊन टाकेल एवढा. मला ही बेशिस्त आवडते. पुनर्विकासातल्या टोलेजंग इमारतींच्या सिमेंटी आवारात किल्ल्यासाठी माती कुठून आणणार, हा प्रश्न निराळाच.

धातूचा मावळा शिपाई जमवण्याच्या या छंदात फारसा का रुजला नाही? पैसा आणि बाजार ही कारणे आहेतच, पण माझ्या मते मूळ अडचण रंगवणाऱ्याची. हा छंद गणवेशावर जगतो. अमुक साली अमुक पलटणीचा कफ पिवळा की पांढरा, यावर संग्राहक तासन्‌तास भांडतात. शिवकाळातल्या शिपायाला असा एकसारखा गणवेश नव्हता. शिलेदार स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी, पण अंगावरच्या कपड्याचा रंग ठरवून देणारे फर्मान नाही. त्यामुळे किल्ल्यावरच्या मावळ्याच्या भगव्या पागोट्याला पुरावा मागण्यात अर्थ नाही. ते कारागिराच्या डब्यातल्या रंगाने ठरते.

अलीकडे संग्रहासाठी रेझिनच्या आणि धातूच्या छोट्या शिवमूर्ती मिळू लागल्या आहेत, आणि नेमकेपणाची मागणीही. अशा वेळी जाणता रंगारी 17व्या शतकातल्या मीर मुहम्मद या चित्रकाराच्या चित्राकडे वळतो. इटालियन प्रवासी मनूचीच्या संग्रहातले हे चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. घोड्यावर शिवाजी महाराज, सोबत पायी चालणारे हत्यारबंद शिपाई. जाम्याची बेतणी, पागोट्याचा बांधा, भाला धरायची ढब त्यातून उचलता येते. बाकी माणसांचे कपडे ज्याने त्याने आपल्या अदमासाने रंगवावेत.