हसवणाऱ्यांची उमेदवारी

डिसेंबर 1966 मध्ये फ्रान्समध्ये 'ला ग्रांद वाद्रूय' नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आत होती आणि या एका चित्रपटाची 1 कोटी 70 लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली. 1998 साली 'टायटॅनिक'ने त्याला मागे टाकलं. फ्रेंच चित्रपटांपुरता त्याचा विक्रम मात्र 2008 पर्यंत टिकला. गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसवर एक ब्रिटिश विमान पाडलं जातं, वैमानिक पॅराशूटने शहरात उतरतात आणि त्यांना वाचवायचं काम नाइलाजाने दोन माणसांच्या गळ्यात पडतं. एक घरं रंगवणारा भोळा रंगारी, दुसरा ऑपेरातला तिरसट वाद्यवृंद-संचालक. दोघांपैकी कोणालाही शूरवीर व्हायचं नाही. रंगारी होता बुर्विल, संचालक लुई द फ्युनेस.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. माझ्याकडे येणारी मुलं गोदार, त्रुफो, फेलिनी, डी सिका या दिग्दर्शकांची नावं घेऊनच येतात. फिल्म सोसायट्यांनी आपल्याला ही नावं दिली आणि ते ऋण मोठं आहे. पण द फ्युनेस, बुर्विल, तोतो, सोर्दी या विनोदी नटांबद्दल विचारलं, तर वर्गात शांतता पसरते. फ्रान्स-इटलीत मात्र आजी आणि नातू एकाच सोफ्यावर बसून या मंडळींचे चित्रपट पुन्हा पुन्हा बघतात. विनोद भाषेची वेस ओलांडत नाही, असं म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवलं. मला ते पटत नाही. मी वर्गात द फ्युनेसचे प्रसंग आवाज बंद करून दाखवते. फ्रेंचचा एक शब्द न येणारी मुलंसुद्धा हसतात, आणि मग ओठ हलताना त्याच्या खांद्यांचं काय होतंय हे बघू लागतात.

पन्नाशीत मिळालेलं यश

लुई द फ्युनेसचा जन्म 1914 साली पॅरिसजवळच्या कुर्बव्वामध्ये, सेव्हिल शहरातून आलेल्या स्पॅनिश कुटुंबात झाला. आपले हातवारे आणि रागाचे झटके आईकडून आले, असं तो सांगत असे. उंची जेमतेम पाच फूट चार-पाच इंच, रूप नायकाचं नाही, हाती धड एक धंदा नाही. फरच्या कपड्यांचं काम, दुकानांच्या दर्शनी खिडक्या सजवणं, असं काय काय करून तो पॅरिसच्या पिगाल भागातल्या बारमध्ये रात्र रात्र जॅझ पियानो वाजवू लागला. चित्रपटात आला तेव्हा तिशी उलटली होती आणि पहिली भूमिका होती दारवानाची. त्यानंतर जवळपास वीस वर्षं तो वेटर, शेजारी, कारकून, दुकानदार अशा दोन-चार मिनिटांच्या कामांत दिसत राहिला. अशा भूमिका शंभराच्या घरात जातात.

त्या काळातली एक भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. क्लोद ओतां-लारा या दिग्दर्शकाच्या 'ला त्राव्हेर्से द पारी' (1956) या चित्रपटात तो काळा बाजार करणारा वाणी आहे. युद्धकाळातल्या पॅरिसमध्ये तो तळघरात चोरून डुक्कर मारतो आणि त्याचं ओरडणं बाहेर जाऊ नये म्हणून बुर्विल जोरजोरात अकॉर्डियन वाजवतो. मग ते मांस पेट्यांमध्ये भरून रात्रीच्या अंधारात शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं. मांसाच्या वासाने कुत्री मागे लागतात, कोपऱ्याकोपऱ्यावर गस्त असते. द फ्युनेस पडद्यावर थोडाच वेळ आहे. पण भीती, हाव आणि जोर असलेल्यापुढे नमणं या तिन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकामागोमाग कशा उमटतात, हे तिथे बघावं. पुढे तो ज्यासाठी प्रसिद्ध झाला, ते सगळं त्या तळघरात तयार आहे: वरच्याशी लाचार आणि खालच्यावर गुरगुरणारा माणूस.

1964 साली 'ल जांदार्म द सां-त्रोपे' आला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो एकदम फ्रान्सचा सर्वांत लाडका नट झाला. समुद्रकाठच्या गावातल्या त्या पोलीस हवालदाराचे एकूण सहा चित्रपट निघाले. त्याच वर्षी 'फांतोमास', पुढच्या वर्षी जेरार उरीचा 'ल कोर्नियो', आणि मग 'ला ग्रांद वाद्रूय'. इतकं यश मिळूनही त्याची उमेदवाराची सवय सुटली नाही. 'ला ग्रांद वाद्रूय'मध्ये त्याला बर्लिओझची रचना वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायची होती. त्यासाठी त्याने आधी बरेच दिवस खऱ्या संगीत-संचालकाकडे सराव केला. तो प्रसंग बघताना हसू येतं ते त्याच्या अहंकाराचं. त्याच्या हातातल्या छडीचा ठोका मात्र चुकत नाही. पियानोवर घालवलेल्या रात्री इथे उपयोगी पडल्या. त्याच्या रागालासुद्धा ताल आहे. तो आधी कुजबुजतो, मग चढतो, शिखरावर क्षणभर थांबतो आणि साहेब समोर दिसताच एका श्वासात मऊ होतो.

1973 च्या 'ले झावांत्यूर द राबी जाकोब'मध्ये हेच अस्त्र त्याने अधिक धोक्याच्या जागी वापरलं. इथे तो वंशद्वेषाने भरलेला कारखानदार आहे आणि जीव वाचवण्यासाठी त्याला ज्यू धर्मगुरूचं सोंग घ्यावं लागतं. दिग्दर्शक उरी स्वतः ज्यू होता. युद्धात त्याला फ्रान्स सोडून पळावं लागलं होतं. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा इस्राएल आणि अरब देशांमध्ये योम किप्पूरचं युद्ध पेटलेलं होतं. अशा वेळी लोक चित्रपटगृहात बसून आपल्याच मनातल्या द्वेषाला हसले. हे काम एखाद्या भाषणाने झालं असतं, असं मला वाटत नाही.

जोडीदार

बुर्विलचं खरं नाव आंद्रे रेंबूर. जन्म 1917, नॉर्मंडीचा. ज्या खेड्यात वाढला त्या बुरव्हीलवरूनच त्याने रंगमंचासाठी नाव घेतलं. शेतकऱ्याघरचा हा मुलगा आधी बेकरीत कामाला होता, गावच्या बँडमध्ये वाजवत होता. मग गाणी म्हणत, खेडवळ भोळ्या माणसाचं सोंग करत तो पॅरिसला आला. लोकांनी त्याला बावळट म्हणून स्वीकारलं, पण त्याच्या डोळ्यांत एक समंजस दुःख असे. 'ला त्राव्हेर्से द पारी'साठी 1956 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. द फ्युनेसचा पारा चढत असताना समोर बुर्विलसारखा शांत माणूस असला की प्रसंग तोलला जातो. दोघांनाही ते ठाऊक होतं.

बुर्विलला रक्ताच्या पेशींचा कर्करोग झाला. आजारपणातच त्याने जाँ-पिएर मेलव्हिलच्या 'ल सेर्क्ल रूज'मध्ये एकाकी, मांजरं पाळणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची गंभीर भूमिका केली. सप्टेंबर 1970 मध्ये वयाच्या 53 व्या वर्षी तो गेला. चित्रपट त्यानंतर महिनाभराने लागला. उरीच्या पुढच्या चित्रपटात द फ्युनेससमोर बुर्विलच असायचा होता. ती जागा शेवटी ईव्ह मोंतांने घेतली.

द फ्युनेसला 1975 साली हृदयविकाराचे झटके आले आणि निर्मात्यांना त्याचा विमा उतरवणं कठीण होऊन बसलं. तरी तो परतला. 1980 साली त्याने मोलियरच्या 'लाव्हार' या नाटकावर चित्रपट केला. कंजूस म्हाताऱ्याची ही भूमिका त्याला फार वर्षांपासून करायची होती. त्याच वर्षी त्याला सन्माननीय सेझार पुरस्कार मिळाला. जानेवारी 1983 मध्ये तो गेला.

पो नदीकाठचं गाव

मोलियरचं नाव आलं की इटलीकडे वळावंच लागतं. 1658 साली मोलियरची मंडळी पॅरिसला आली, तेव्हा त्यांना पती-बुर्बों या नाट्यगृहात तिबेरियो फिओरिल्ली या इटालियन नटाच्या मंडळीबरोबर वार पाळून प्रयोग करावे लागत. म्हणजे फ्रेंच विनोद इटालियन विनोदाच्या शेजारी बसूनच मोठा झाला.

तीनशे वर्षांनी ती शेजारधर्माची गोष्ट पडद्यावर आली. 1952 साली फ्रेंच दिग्दर्शक ज्युलियाँ द्युव्हिव्हियेने इटालियन लेखक जोव्हान्निनो ग्वारेस्कीच्या कथांवर 'डॉन कामिल्लो' केला. उत्तर इटलीत पो नदीकाठी असलेल्या ब्रेशेल्लो गावात त्याचं चित्रीकरण झालं. गावचा तापट पाद्री झाला मार्सेयचा फ्रेंच नट फर्नांदेल, घोड्यासारखे दात दाखवून हसणारा. कम्युनिस्ट नगराध्यक्ष पेप्पोने झाला इटलीचा जिनो चेर्वी. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे दोघे एकमेकांना गुद्दे मारतात आणि संकट आलं की एकमेकांच्या दारात उभे राहतात. एकट्या फ्रान्समध्ये सव्वा कोटीहून अधिक लोकांनी तो बघितला. मालिकेचे पाच चित्रपट पूर्ण झाले. सहाव्याच्या वेळी फर्नांदेल आजारी पडला आणि फेब्रुवारी 1971 मध्ये गेला. दुसऱ्या पाद्रीबरोबर काम करायला चेर्वी तयार झाला नाही. ब्रेशेल्लोच्या चौकात आज दोघांचे पुतळे समोरासमोर उभे आहेत.

नेपल्सचा भुकेला राजपुत्र

तोतोचा जन्म 1898 साली नेपल्सच्या रियोने सानिता या गरीब वस्तीत झाला. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. वडील उमराव घराण्यातले, त्यांनी मुलाला नाव दिलं ते फार उशिरा. पुढे तोतोने आपल्या लांबलचक सरदारी पदव्या कायदेशीररीत्या मिळवल्या आणि त्या तो अभिमानाने मिरवत असे. शाळेत मुष्टियुद्ध खेळताना नाकाला मार बसला आणि चेहरा एका बाजूला वाकला. त्या वाकड्या हनुवटीचं त्याने भांडवल केलं. स्वस्त नाट्यगृहांतून तो कळसूत्री बाहुलीसारखा नाचत असे. अंगात ढगळ कोट, आखूड विजार, डोक्यावर गोल हॅट आणि टायच्या जागी बुटाची नाडी.

त्याने सुमारे शंभर चित्रपट केले. 'मिझेरिया ए नोबिल्ता' (1954) मध्ये अनेक दिवस उपाशी असलेल्या माणसांपुढे अचानक स्पॅगेटीचं भलं मोठं पातेलं येतं. तोतो टेबलावर चढून हाताने खातो आणि उरलेली स्पॅगेटी कोटाच्या खिशांत कोंबतो. युद्धातली भूक आठवणाऱ्या इटलीला तो प्रसंग हसू आणि आवंढा दोन्ही देऊन गेला असणार. 'ग्वार्दिए ए लाद्री' (1951) मध्ये तो भुरटा चोर आहे आणि आल्दो फाब्रीत्सी हा लठ्ठ पोलीस. पाठलागात दोघांनाही धाप लागते आणि हळूहळू त्यांच्या बायकामुलांची एकमेकांशी जवळीक होते. शेवटी पोलिसाला चोराला नेणं जिवावर येतं आणि चोरच त्याला धीर देतो.

1957 साली पालेर्मोत रंगमंचावर असताना तोतोची दृष्टी जवळजवळ गेली. त्यानंतरही तो दहा वर्षं काम करत राहिला. काळा चष्मा लावून सेटवर यायचा, कॅमेरा सुरू होताना तो काढायचा आणि न चुकता आपल्या जागेवर जायचा. त्या काळी इटलीत संवाद मागाहून डबिंगने भरत. पडद्यावरचे स्वतःचे ओठ त्याला दिसत नसल्यामुळे काही ठिकाणी कार्लो क्रोक्कोलो या नटाने त्याचा आवाज दिला. समीक्षक त्याला हयातभर हलका समजत आले. दिग्दर्शक पासोलिनीने 1966 साली त्याला 'उच्चेल्लाच्ची ए उच्चेल्लीनी'मध्ये घेतलं आणि कान महोत्सवात त्याचा खास उल्लेख झाला. पुढच्या वर्षी तो गेला. त्याचे अंत्यविधी तीन झाले: रोममध्ये, नेपल्समध्ये आणि शेवटी त्याच्या जुन्या वस्तीत, रिकाम्या शवपेटीसह.

रोमचा अल्बेर्तो सोर्दी त्याच्याहून बावीस वर्षांनी लहान. मिलानच्या नाट्यविद्यालयातून त्याला रोमन हेल सुटत नाही म्हणून काढून टाकलं. मग त्याने लॉरेल-हार्डी जोडीतल्या ऑलिव्हर हार्डीला इटालियन आवाज दिला आणि तो आवाज देशभर पोचला. त्याने इटालियन माणसाचे दोष रंगवले: भित्रेपणा, आळस, संधी साधणं. 'ला ग्रांदे ग्वेर्रा' (1959) मध्ये तो आणि व्हित्तोरियो गास्मान पहिल्या महायुद्धातले दोन कामचुकार सैनिक आहेत. सगळा चित्रपट ते जीव वाचवत हिंडतात आणि शेवटी गोळीला सामोरे जातात. त्या वर्षीच्या व्हेनिस महोत्सवाचा सुवर्णसिंह या विनोदी चित्रपटाला विभागून मिळाला. सोर्दीच्या ऐंशीव्या वाढदिवशी रोमने त्याला एका दिवसाचा महापौर केलं. 2003 मध्ये त्याला निरोप द्यायला लाखोंचा जमाव लोटला.

या सगळ्यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोणीही देखणेपणाच्या किंवा घराण्याच्या जोरावर पुढे आला नाही. बार, बँड, फिरती नाट्यगृहं, डबिंगच्या खोल्या इथे त्यांची उमेदवारी झाली. आणि युद्धाने वाकलेल्या आपल्या देशांना त्यांनी भित्रा, भुकेला, लबाड, तरीही माया करणारा माणूस दाखवला. शूरवीरांचे पुतळे उभारण्याच्या काळात हे करायला धैर्य लागतं. म्हणून गोदार आणि फेलिनी यांच्या पंगतीत त्यांना मानाने बसवलं पाहिजे.

आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांना आणि महोत्सवांना माझी विनंती आहे: वर्षातून एक संध्याकाळ या नटांसाठी ठेवा. आणि वाचकहो, तोवर घरीच सुरुवात करायची असेल, तर आधी 'ग्वार्दिए ए लाद्री' बघा, मग 'ला त्राव्हेर्से द पारी', आणि त्यानंतर घरातल्या सगळ्यांना, मुलांनासुद्धा, सोबत घेऊन 'ला ग्रांद वाद्रूय'.