ग्रिलपार्ट्झर : मौन पत्करलेला नाटककार

सन १८२७ च्या मार्च महिन्यांत बीथोव्हेनची अंत्ययात्रा व्हिएन्नाबाहेरील दफनभूमीच्या दाराशीं पोंचली, तेव्हां तेथें एका नटानें निरोपाचें भाषण केलें. तें भाषण लिहून देणारा कवि म्हणजे फ्रांट्स ग्रिलपार्ट्झर. गटे आणि शिलर यांच्या मागून जर्मन रंगभूमीवर ज्यांचीं नांवें आदरानें घेतलीं जातात, त्यांत या ऑस्ट्रियन नाटककाराचें स्थान फार वरचें आहे. श्रोतेहो, त्याच्या कृतींची आणि त्याच्या मौनाचीहि हकीगत आज सांगावयाची आहे.

ग्रिलपार्ट्झरचा जन्म १७९१ सालीं व्हिएन्ना येथें झाला. वडील वकील होते. १८०९ सालीं ते वारले आणि घर अडचणींत आलें. कायद्याचा अभ्यास केलेल्या या तरुणानें १८१३ सालीं सरकारी नोकरी धरली, ती १८५६ पर्यंत सोडली नाहीं. १८३२ पासून तो सरकारी खजिन्याच्या दप्तरखान्याचा मुख्य होता. पोटाला भाकरी सरकारची, आणि त्याच सरकारच्या परवानगीवांचून नाटक रंगभूमीवर यावयाचें नाहीं, असा हा पेंच होता.

आरंभ मात्र मोठ्या यशाचा झाला. १८१७ सालीं एका शापित घराण्याची कथा सांगणारें 'पूर्वजा' आणि १८१८ सालीं 'सॅफो' हीं नाटकें गाजलीं. सॅफो ही कीर्तीच्या शिखरावर असलेली ग्रीक कवयित्री. तिचा प्रियकर तिच्याच एका दासीवर लुब्ध होतो, आणि कलेला वाहिलेल्या जीवाला साधें सुख लाभत नाहीं हें उमगून ती समुद्रांत उडी घेते. १८२१ सालच्या 'सोनेरी लोकर' या नाटकत्रयींत परक्या देशांत आलेल्या मीडियाची दुर्दशा आहे. नवरा तिला टाकतो आणि ती स्वतःचीं मुलें मारते. तरीहि प्रेक्षकाला तिची कींव येते, हें कवीचें सामर्थ्य.

पुढें गांठ पडली ती सरकारी परीक्षकांशीं. तेराव्या शतकांतील बोहेमियाचा राजा ओटोकार याच्या उत्कर्षाचें व पतनाचें नाटक त्यानें लिहिलें. त्यांत हॅब्सबर्ग घराण्याच्या मूळपुरुषाचा गौरवच होता. परंतु ओटोकार पहिली राणी सोडून दुसरी करतो. नेपोलियननेंहि तसेंच करून ऑस्ट्रियाची राजकन्या वरली होती. हें साम्य कोणाच्या ध्यानांत येईल, ही भीति! हस्तलिखित बराच काळ अडकून पडलें. अखेर सम्राज्ञीच्या पाहण्यांत आल्यामुळें तें सुटलें, असें कवीनेंच आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. प्रयोग १८२५ सालीं झाला. १८२८ सालच्या 'धन्याचा इमानी सेवक' या नाटकाची तऱ्हा याहून निराळी. तें बंद न करतां, सर्व हक्क विकत घेऊन पुरून टाकण्याची इच्छा खुद्द सम्राटानें दर्शविली. बंदीचा बोभाटा होतो. खरेदीचा होत नाहीं.

१८३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या कवितांच्या मालिकेला त्यानें हद्दपार रोमन कवि ओव्हिड याच्या ग्रंथाची आठवण देणारें नांव दिलें. स्वतःच्या शहरांत राहूनहि आपण हद्दपार आहों, ही त्याची भावना त्या एका नांवांत दिसते. शेवटचा घाव प्रेक्षकांनीं घातला. एकहि असत्य न बोलतां कैद्याला सोडवून आणण्याची अट पाळणाऱ्या आचाऱ्याच्या पोराची ही सुखात्मिका, 'धिक्कार असो असत्यवाद्याचा', १८३८ सालीं साफ कोसळली. त्यानंतर चौतीस वर्षें तो जगला. पण नवें संपूर्ण नाटक त्यानें रंगभूमीला दिलें नाहीं.

लेखणी मात्र थांबली नव्हती. एका गरीब वादकाची त्याची दीर्घकथा याच काळांत, १८४७ च्या अखेरीस, छापली गेली. या म्हाताऱ्याचें व्हायोलिन कोणाला ऐकवत नाहीं; पण पुरांत मुलांना वाचवून तो शेवटीं प्राण गमावतो. पुढच्या पिढींतील काफ्काला ही कथा फार आवडे. १८७२ सालीं ग्रिलपार्ट्झर वारला, तेव्हां तीन पुरीं नाटकें त्याच्या संग्रहीं निघालीं. त्यांतलें 'हॅब्सबर्ग बंधूंचा कलह' हें तर कित्येक जाणकार त्याची श्रेष्ठ कृति मानतात.

ऐंशीव्या वाढदिवशीं ज्याच्यावर मानसन्मानांचा वर्षाव झाला, त्याच्या उत्तम नाटकांना त्याच्या हयातींत प्रेक्षक मिळाले नाहींत. परीक्षकानें खोडलेल्या ओळी पुढें केव्हां तरी छापतां येतात. परंतु भीतीनें वा विषादानें जें लेखक लिहीतच नाहीं, तें कोणत्या दप्तरखान्यांत शोधावयाचें?