शेपटीवरची ठिगळं

16 ऑगस्ट 2025 ला मुंबईत खराब हवेत उतरू पाहणाऱ्या इंडिगोच्या ए321 विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. वैमानिकांनी उतरणं सोडून विमान पुन्हा वर घेतलं, त्या क्षणी हे घडलं. दुसऱ्या फेरीत ते सुखरूप उतरलं आणि वर्तमानपत्रांनी दोन परिच्छेदांत विषय संपवला. मला मात्र अशा बातमीत एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: पुढे तो पत्रा कोणी दुरुस्त केला आणि कसा?

शेपटी का घासते ते थोडक्यात सांगतो. चाकं टेकण्याआधी वैमानिक नाक किंचित उचलतो. वेग फार उतरला, हळुवार टेकवण्याच्या मोहात विमान जमिनीलगत तरंगत ठेवलं, किंवा चाकं आपटून ते उसळलं आणि घाईनं नाक आणखी वर घेतलं, की मागचं पोट खाली येतं. विमान जितकं लांब तितका वाव कमी. ए321 हे ए320 पेक्षा जवळपास 7 मीटर लांब आहे. उड्डाण करतानाही शेपटी घासते, पण उतरताना कधी कधी चाकांच्या आधी शेपटीच आपटते, म्हणून इजा मोठी. एवढं पुरे. मला सांगायचं आहे ते पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांबद्दल.

2 जून 1978. ओसाकाचं इतामी विमानतळ. जपान एअरलाइन्सच्या बोइंग 747 ची शेपटी उतरताना जोरात आपटली. प्रवासी कक्षाच्या मागच्या टोकाला घुमटाकार भिंत असते, तिला प्रेशर बल्कहेड म्हणतात. आत कोंडलेल्या हवेचा रेटा उंचावर तिच्या दर चौरस मीटरवर सुमारे 6 टन भरतो आणि प्रत्येक उड्डाणात तो एकदा चढतो, एकदा उतरतो. या भिंतीचा खालचा अर्धा भाग बोइंगच्या पथकानं बदलला. जुना आणि नवा भाग सांधताना मध्ये सलग एकच पट्टी हवी होती. ती दोन तुकड्यांत घातली गेली आणि रिव्हेटांच्या दोन ओळींनी वाहायचा भार एकाच ओळीवर आला. शिंप्यानं दुहेरी टिपेच्या जागी एकेरी टीप मारावी, तसं. वरून पाहणाऱ्याला काम नीटनेटकंच दिसलं.

ती ओळ 12,000 हून अधिक उड्डाणं टिकली. 12 ऑगस्ट 1985 ला, टोकियोच्या हानेदा विमानतळावरून निघाल्यावर 12 मिनिटांनी, ती सुटली. हवेच्या लोंढ्यानं शेपटीचा उभा पंख उडवला, चारही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन मासामी ताकाहामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ इंजिनांचा जोर कमीजास्त करत ते विमान आणखी अर्धा तास हवेत धरून ठेवलं. विमानोड्डाणाच्या इतिहासात याहून मोठी झुंज मला माहीत नाही. 524 जणांपैकी 4 वाचले.

टोकियोला मुलीकडे गेलो तेव्हा जपान एअरलाइन्सच्या सेफ्टी प्रमोशन सेंटरला आधी वेळ ठरवून मुद्दाम गेलो. तो फाटलेला बल्कहेड तिथं ठेवला आहे. पडत्या विमानात प्रवाशांनी घरच्यांसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्याही आहेत. मुलगी त्यांच्यापाशी थांबली. मी त्या सांध्यापासून हललो नाही. कंपनीनं आपल्याच कर्मचाऱ्यांना हे दाखवत राहावं, याला मोठं धैर्य लागतं. आपल्याकडेही असं एक दालन असायला हवं.

दुसरं ठिगळ हाँगकाँगचं. तिथलं काई ताक विमानतळ म्हणजे आम्हा विमानवेड्यांची पंढरी: डोंगरावर रंगवलेले चौकोन दिसले की विमान उजवीकडे वळवायचं आणि इमारतींच्या गच्च्यांवरून थेट समुद्रातल्या धावपट्टीवर उतरायचं. 1998 मध्ये ते बंद झालं, याची हळहळ मला अजून आहे. याच काई ताकवर 7 फेब्रुवारी 1980 ला चायना एअरलाइन्सच्या 747 ची शेपटी घासली. ओरखडलेला पत्रा कापून काढायला हवा होता. त्याऐवजी त्याच्यावरच दुसरा पत्रा रिव्हेटांनी बसवला. ओरखडे झाकले गेले. त्यांतून भेगा वाढत राहिल्या, बाहेरून काहीच दिसेना. 25 मे 2002 ला तैवानच्या सामुद्रधुनीवर विमान हवेतच फुटलं आणि 225 जण गेले. ठिगळाखालच्या भेगा मिळून किमान 1.8 मीटर लांबीची सलग चीर झाली असावी, असं तपासात दिसलं.

तपासात मला सर्वांत विलक्षण वाटतात ते तपकिरी डाग. विमानात सिगारेट ओढायची मुभा होती त्या काळचं निकोटिन भेगांतून हवेबरोबर झिरपून ठिगळाच्या कडेला साचलं होतं. नोव्हेंबर 2001 मध्ये काढलेल्या छायाचित्रांत ते दिसतं. ही छायाचित्रं काढली होती तीही जुन्या दुरुस्त्यांची नोंद करतानाच! सविस्तर तपासणी उड्डाणांच्या संख्येवर बेतलेली होती आणि ती ठरली होती नोव्हेंबर 2002 मध्ये. माझं मत स्पष्ट आहे: हवेचा दाब झेलणाऱ्या भागावरचं प्रत्येक जुनं ठिगळ, उड्डाणं कितीही कमी झालेली असोत, नोंद होताच उघडून पाहिलं पाहिजे, मग विमान चार आठवडे हँगरमध्ये अडकून पडलं तरी चालेल.