‘ओढत नाही’ म्हणजे ‘गेलं’ नव्हे

घटस्थापनेच्या आधी सणसर-भवानीनगरकडे घरोघर आवराआवर निघते. गोधड्या दोरीवर, भांडी अंगणात, आणि माळ्यावरचा व्हॅक्यूम क्लीनर खाली. पाच-दहा मिनिटं घरघर केल्यावर निकाल लागतो: ‘‘हे काही ओढत नाही आता. गेलं. दिवाळीत बारामतीला ऑफर असते, नवंच घेऊन टाकू.’’ हा निकाल बहुतेक वेळा मशीनची बाजू न ऐकताच दिलेला असतो.

व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटात मोटार आणि पंखा असतो. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेत तो पंखा हवा मागून बाहेर फेकतो, म्हणून पुढून पाइपातून नवी हवा आत धावते आणि धूळ सोबत आणते. हवेची वाट ब्रश, नळी, पाइप, पिशवी, फिल्टर अशी असते. या वाटेवर कुठेही अडलं की ओढ संपते. मोटार मात्र ठणठणीत असते. म्हणजे ‘ओढत नाही’ ही तक्रार आधी हवेच्या वाटेची आहे, मोटारीची नंतर.

‘पण पिशवी तर अर्धीही भरलेली नाही,’ असं हमखास सांगितलं जातं. इथेच आपल्या भागाची धूळ घात करते. नीरा डाव्या कालव्याखालची काळी जमीन सुकली की तिची माती पिठासारखी बारीक उडते. त्यात गळीत हंगाम. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस (उसाचं चिपाड) जळतो आणि शिवारात कुणी पाचट पेटवतं, मग काळ्या पापुद्र्यांसारखी राख गच्चीवर, खिडकीच्या जाळीत, पडद्यांवर येऊन बसते. ही बारीक भुकटी पिशवी भरत नाही, पिशवीच्या कापडाची छिद्रं भरते. वरून पाहावं तर पिशवी रिकामी, आणि हवेला जायला जागा नाही. कागदी पिशवी असेल तर ती पाऊण भरायच्या आतच बदलायची, झटकून पुन्हा वापरायची नाही. कापडी असेल तर उलटी करून गच्चीवर झटकायची (तोंडाला रुमाल बांधून, आणि वाऱ्याकडे पाठ करून), आणि कंपनीने धुवायला परवानगी दिली असेल तरच धुवायची. धुतली तर पूर्ण वाळेपर्यंत मशीनला लावायची नाही. चूल-बंबातली राख, सिमेंट, सांडलेलं पीठ या मशीनला देऊच नये. राखेत निखारा दडलेला असेल तर पिशवी आतून पेट घेते.

निदान घरच्या घरी होतं. प्लग काढून पाइप मशीनपासून सोडवायचा. मग प्लग लावून मशीन चालू करायचं आणि जिथे पाइप बसतो त्या भोकावर तळहात धरायचा. हात घट्ट खेचला गेला तर मोटार, पिशवी, फिल्टर सगळं बहुधा ठीक आहे, दोष पुढे पाइपात आहे. खेच लागली नाही तर पिशवी काढून, नवी किंवा स्वच्छ पिशवी घालून पुन्हा पाहायचं. पाइपाची परीक्षा तर मुलंही करतील: पाइप उभा धरून वरून गोटी सोडायची. खाली टपकन पडली तर वाट मोकळी. नाही पडली तर आत बहुधा केसाची पिन आडवी अडकलेली असते आणि तिच्याभोवती केस, दोरे, रांगोळीचा चुरा यांचा बोळा झालेला असतो. काठीने पुढे न रेटता तो मागच्या बाजूने काढावा, नाहीतर आणखी घट्ट बसतो. गोटी पडली तरी ओढ नसेल तर पाइपाच्या मानेजवळ चीर शोधा. वर्षभर माळ्यावर वळवून ठेवलेला पाइप तिथेच चिरतो, आणि उंदरांनाही तोच आवडतो. आपल्याकडे ही मशीनं चालून जितकी झिजतात त्याहून पडून जास्त खराब होतात.

‘आवाज चढलाय, म्हणजे मोटार जाणार’ हीदेखील अशीच समजूत. वाट अडली की पंख्याला ढकलायला हवा कमी मिळते, काम हलकं होतं आणि मोटार जोरात फिरू लागते. म्हणून सूर चढतो. किणकिणाट किंवा खरखर असेल तर गोष्ट वेगळी. ती बेअरिंगची किंवा पंख्यात शिरलेल्या खड्याची असते आणि तिच्याकडे लगेच पाहावं लागतं. साध्या घरगुती मशीनमध्ये मोटारीला गार ठेवणारी हवाही हीच, धुळीतून गाळून आलेली. ती अडली की मोटार तापते, आणि आतला तापमानाचा कटआउट वीज तोडतो. मशीन अचानक बंद पडतं, लोक ‘जळालं’ म्हणतात. पिशवी-फिल्टर साफ करून तास-दोन तास गार होऊ द्या, बरीच मशीनं पुन्हा चालू होतात.

गावात एक गोष्ट आणखी पाहायची: व्होल्टेज. २३० च्या जागी १८० मिळत असेल तर फेरे उतरतात आणि ओढही उतरते. पुन्हा १४०० वॅटचं मशीन सुमारे ६ अँपिअर वीज घेतं. लांबच्या बारीक एक्स्टेन्शन वायरवर ते चालवलं तर वायर गरम होते आणि मशीनला उरलीसुरली वीज मिळते. व्होल्टेज पुरेसं असताना, थेट भिंतीतल्या मोठ्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावून पाहिल्याशिवाय मशीनला दोष देऊ नये.

आता खरी मोटारीची दुखणी. जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात, जळका वास येतो, मशीन अधूनमधून थांबतं. हे बहुधा कार्बनचं काम. मिक्सर, ड्रिल यांच्यात असतात तसेच दोन कार्बन ब्रश या मोटारीतही असतात, आणि ते झिजण्यासाठीच असतात. पाव इंचाच्या आत उरले की बदलायचे. नवीन मशीनच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ. बारीक ठिणगी नेहमीचीच, पण कार्बनभोवती ठिणग्यांचं गोल कडं दिसलं तर मशीन लगेच बंद करा.

‘मोटार जळली तरी काय, रिवायंडिंग करून घेऊ’ हा मात्र उलट दिशेचा गैरसमज, आणि विहिरीवर पंप असलेल्या माणसाला तो सहज होतो. पंपाची मोटार मिनिटाला दीड किंवा तीन हजारांच्या आसपास फिरते. ती भरून देणारे कारागीर आपल्याकडे वाकबगार आहेत, याबद्दल वाद नाही. पण वीस-तीस हजार फेऱ्यांवर आर्मेचरचा (मोटारीच्या फिरत्या भागाचा) तोल किंचित ढळला तरी बेअरिंग टिकत नाही. इथे पंख्यासह आख्खी मोटार बदलणंच शहाणपणाचं. कार्बन आणि बेअरिंगसाठी मात्र तोच कारागीर चालेल.

‘पाच वर्षं झाली, आता बदलायलाच हवं’ हे दुकानदाराचं गणित आहे. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीला किमान ५०० तास टिकण्याची आणि पाइपाला ४०,००० वेळा वाकवलं तरी वापरण्याजोगा राहण्याची अट घातली. आठवड्याला अर्धा तास धरला तर वर्षाचे २६ तास होतात, म्हणजे ५०० तासांना एकोणीस वर्षं. आपल्याकडच्या प्रत्येक मशीनला ती अट लागू नाही, पण अंदाज बांधायला पुरेशी आहे. त्याच नियमांनी मशीनची वीज २०१४ पासून १६०० वॅटच्या आणि २०१७ पासून ९०० वॅटच्या आत आणली. तिकडची घरं त्यामुळे धुळीत बुडाली नाहीत. वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती ओढतं ते नव्हे. ‘आमचं २००० वॅटचं’ हे कौतुक त्यामुळे विजेच्या बिलाचं कौतुक ठरतं. ‘जुनं मशीन वीज खातं म्हणून बदललं’ यातही दम नाही. १४०० वॅटचं मशीन आठवड्याला अर्धा तास चालवलं तर वर्षाला ३६ युनिटच्या आसपास जातात. निम्म्या विजेचं नवीन आणलं तरी वाचतील अठरा.

विक्रीच्या प्रात्यक्षिकाबद्दलही थोडं. भारतात युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये सुरू झाली आणि टाय लावलेल्या विक्रेत्यांनी दारोदार जाऊन हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत नेलं. पाइपावर पांढरं फडकं ताणून गादीवरून फिरवलं की त्यावर काळा डाग उठतो, हा खेळ तेव्हापासून अनेकांनी पाहिलेला आहे. डाग खरा असतो. पण तुमच्या जुन्या मशीनची पिशवी साफ करून तेच फडकं लावा, तिथेही उठेल.

आषाढातली गोष्ट निराळी. तुकोबांची पालखी काटेवाडीहून पुढे येऊन सणसरला मुक्कामी थांबते, त्या रात्री घरं, ओसऱ्या, शाळा वारकऱ्यांनी भरतात. दुसऱ्या दिवशी सतरंज्यांवर ओला चिखल असतो, आणि हात आपसूक मशीनकडे जातो. ‘फक्त ड्राय’ असलेल्या मशीनला ही साफसफाई महागात पडते. ओल पिशवीतून फिल्टरमध्ये आणि तिथून मोटारीत जाते. चिखल वाळू द्या, काठीने झटका, मग मशीन लावा. ‘वेट अँड ड्राय’ असेल तर ओलं चालतं, पण त्याआधी पिशवी आणि कोरडा फिल्टर काढावा लागतो, आणि हेच नेमकं विसरलं जातं. हेपा फिल्टरवर ‘धुण्याजोगा’ लिहिलेलं नसेल तर तोही धुऊ नये.

मग बदलायचं कधी? मोटार जळाली आणि आख्ख्या मोटारीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जात असेल तेव्हा. बाहेरचा सांगाडाच तडकून हवा गळत असेल तेव्हा. आणि सगळ्यात जास्त वेळा, त्या मॉडेलची पिशवी, फिल्टर, पाइप मिळेनासे झाले असतील तेव्हा. वायरलेस मशीनमध्ये बॅटरी आधी दमते. लिथियम बॅटरी तीन-पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची साथ कमी होऊ लागते. ती सुटी मिळत असेल तर मशीन टाकायचं कारण नाही. सुट्या भागांसाठी केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ पासून आहे. कंपन्यांची सेवा केंद्रं आणि दुरुस्तीची माहिती तिथे पाहता येते.

जुनं शेवटी टाकायचंच ठरलं तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर देण्याआधी कंपनीला विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आणि नवं घेताना दुकानात किंमत विचारण्याआधी त्याची पिशवी आणि फिल्टर समोर काढून ठेवायला सांगा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर दुसरं मॉडेल बघा.