प्रकल्पाच्या व्हिडिओत गाणं घालताना

तुकोबांचा अभंग सर्वांचा. पण त्याच्या ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं हक्क असतो. नव्या चालीवर संगीतकाराचा हक्क वेगळा, हयातभर आणि पुढे ६० वर्षं. म्हणून वारीवरच्या फिल्मसाठी वर्गातल्याच एखाद्या मुलीकडून पारंपरिक चालीत अभंग गाऊन घ्यावा. तो जास्त जिवंतही वाटतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मोकळीक देतं: शिकण्याच्या ओघात केलेली नक्कल चालते, शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक-पालकांपुढे गाणं वाजवताही येतं. व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की मात्र ही सवलत गृहीत धरू नये. नुसतं श्रेय देणं म्हणजे परवानगी नव्हे. जुन्या चित्रपटातली दृश्यं हवी असतील, तर हक्काची मुदत संपलेला फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ खुशाल वापरा; त्याला नंतर कुणी जोडलेलं पार्श्वसंगीत तेवढं काढून टाका.