पिकअप घेताय? पासिंगच्या खर्चात वजनाचा वाटा किती?

कापूस हिंगणघाटच्या बाजारात न्यायचा असो की कारंजा-आष्टीची संत्री नागपूरला, कामाला पिकअपच येते. नवी गाडी 'एमएच-32'वर पासिंग करताना दोन रकमा वेगळ्या पाहा : नोंदणी शुल्क आणि वाहन कर.

नोंदणी शुल्क केंद्राचे. ते एकूण भारित वजनावर, म्हणजे रिकामी गाडी अधिक परवानगीचा माल, यावर ठरते. 7500 किलोपर्यंतच्या हलक्या आणि 12000 किलोपर्यंतच्या मध्यम मालवाहू वाहनाला 1000 रुपये, त्यावरच्या जड वाहनाला 1500. फरक फक्त 500 रुपयांचा.

खिसा रिकामा होतो तो राज्याच्या करामुळे. पूर्वी पिकअपचा करही वजनाच्या टप्प्यांवर होता. मार्च 2025च्या अर्थसंकल्पात 7500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू वाहनांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर जाहीर झाला. बहुतेक पिकअप याच गटात येतात. 10 लाखांच्या गाडीला 70 हजार, 11 लाखांच्या गाडीला 77 हजार. मग दोन्हींचे वजन सारखे का असेना! त्यामुळे महागडे मॉडेल निवडताना हा हिशेबही धरा.

आरसीवरचे वजन मात्र विसरू नका. ओव्हरलोड सापडल्यास 20 हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला 2 हजार. जादा माल उतरवावा लागतो, तो वेगळाच.

लायसन्सचे काय? 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे.